नसीमाचं फोल्डर आणि माझी स्वच्छता

टेस्ट पास झाली होती. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की बाईनं न तपासताच काम पुढे ढकललं. अजिबात नाही. काम संपल्यावर मागे एकही फाइल शिल्लक राहू नये, हे तपासणारी टेस्ट मी स्वतः लिहिली होती. एकही राहिली नाही. दुसऱ्या दिवशी नसीमाच्या दोन वर्षांच्या कामातलीही राहिली नाही.

माझ्या नातीचा समज आहे की आजीनं कॉम्प्युटरवर कधी घोळ घातला नसेल. हा समज मीच पसरवलाय. आज तो मोडायला घेतलाय, कारण नात आता स्वतः नोकरीला लागलीये आणि तिच्या बोलण्यात मला माझाच जुना आवाज ऐकू यायला लागलाय.

मी तेव्हा एकोणसाठ वर्षांची होते, म्हणजे तरुण आणि उद्धट. नवी मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीतून नुकतीच बाहेर पडले होते. काशीदला आम्ही घर बांधलं होतं. आमच्या ह्यांनी दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती. पर्यटकांच्या चादरी मोजण्यात मला रस नव्हता, म्हणून मुरुडला संदेशच्या ऑफिसात जायला लागले. संदेश पालीकडचा, भातशेतीवाल्या घरातला, माझ्या मुलापेक्षाही लहान. तो बॉस. गिऱ्हाइकासमोर मला 'मॅडम' म्हणायचा, एरवी 'काकू'. काही बिघडलं की पुन्हा 'मॅडम'.

आमचं काम असं. किनाऱ्यावरच्या जेट्यांवर बोर्ड लावायचे. लाँच कधी सुटणार, समुद्र कसा आहे, वगैरे. प्रत्येक बोर्डामागे तळहाताएवढा कॉम्प्युटर. त्याला आम्ही 'डबा' म्हणायचो. हे डबे खाऱ्या हवेत टिकत नाहीत. पिना हिरव्या पडतात आणि एक दिवस बोर्ड काळा होतो. मग नवा डबा लावा आणि त्यात सगळे प्रोग्राम पुन्हा टाका. हे हातानं करायचं तर माणूस दिवसभर जेटीवर उन्हात बसतो. म्हणून पॅकेज मॅनेजर लागतो. त्याला नुसतं सांगायचं, 'वेळापत्रक टाक.' तो वेळापत्रक टाकतो, त्याला लागणारा मराठी फॉन्ट टाकतो, फॉन्टला आणखी काही लागत असेल तर तेही शोधून टाकतो. आपण तोवर सरबत प्यावं.

आता ही तयार पॅकेजं कुठून येतात? प्रोग्रामर लिहितो तो सोर्स कोड. भात गिरणीत घालून तांदूळ काढतात, तसा हा सोर्स एका यंत्रणेतून काढावा लागतो. तिला बिल्ड सिस्टिम म्हणतात. आमची बिल्ड सिस्टिम मी लिहिलेली होती आणि ऑफिसात तिचं नाव 'गिरणी'च पडलं होतं.

या गिरणीला तोंड एकच होतं. ती फक्त टारबॉल घ्यायची. टारबॉल म्हणजे सगळ्या फाइली एकत्र बांधून, दाबून बारीक केलेलं गाठोडं. झिप हेही गाठोडंच, फक्त बांधायची तऱ्हा वेगळी. पण झिप मी घेत नसे. झिप ही हौशी लोकांची गोष्ट आहे असं माझं मत होतं. मोठ्या कंपनीत माझ्या मतांना कोणी विचारत नसे. इथे आल्यावर मी त्यांचे नियम करून टाकले.

नसीमा बोर्ली पंचतनची. रोज लाँचनं खाडी ओलांडून ऑफिसला यायची. वय अठ्ठावीस, बोलणं तिखट. लाँचला जेटीला लागायला पुरेसं पाणी हवं. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी इतकं मागं जातं की लाँच बाहेरच थांबते आणि लोक वैतागतात. भरतीची छापील कोष्टकं मिळतात, पण ती मोठ्या बंदराची. आमच्या खाडीच्या तोंडाशी गाळ आहे, वळण आहे, वारा आहे. कोष्टकातली वेळ आणि खरी वेळ जुळत नाही. नसीमा दोन वर्षं येता-जाता हे बघत होती आणि लाँच जेटीला कधी लागू शकेल हे सांगणारा प्रोग्राम लिहीत होती. कोष्टकातल्या वेळेत कुठे वीस मिनिटं वाढव, कुठे दहा काप, असे बरेच आकडे त्यात होते. आणि प्रत्येक आकड्याशेजारी तिनं कारण लिहिलं होतं. प्रोग्राममधल्या अशा नोंदींना कॉमेंट म्हणतात. कॉम्प्युटर त्या वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. एक मला अजून आठवते: 'वारा सरळ खाडीत शिरत असेल तर पाणी लवकर चढतं. दोनदा माझी सलवार भिजली आहे.'

लाँचचा मालक, आम्ही त्याला शेठ म्हणायचो, हा प्रोग्राम बघायला येणार होता. त्याला पटला तर त्याच्या सगळ्या जेट्यांवर बोर्ड लागणार होते आणि ते काम नसीमाकडे जाणार होतं. नाही पटला तर ती पनवेलच्या एका कंपनीला हो म्हणणार होती. तिथे भाड्याची खोली घेऊन राहायचं, महिन्यातून एकदा घरी. तिला जायचं नव्हतं. पण आमच्याकडे बोर्डांवर फक्त फॉन्ट बदलत बसायचंही नव्हतं.

आणि तिचा प्रोग्राम अजून गिरणीत गेलाच नव्हता. कारण गिरणीच्या दारात मी बसले होते.

"काकू, टारबॉल आणलाय."

"आतल्या फोल्डरचं नाव काय?"

"भरती."

"त्यापुढे व्हर्जन नंबर कुठाय? परत ने."

दुसऱ्या खेपेला नंबर होता, पण गाठोड्यात तिच्या भाच्याचा एक फोटो चुकून आला होता. परत. तिसऱ्या खेपेला फोटो नव्हता. तेव्हा मी काय खोट काढली ते आता आठवत नाही, पण काढली. तीही प्रत्येक वेळी चिडून परत आलेला टारबॉल पुसून टाकायची. हे लक्षात ठेवा.

शेवटी संदेशनं मला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे कपाटाच्या पलीकडची बाजू.

"काकू, सोमवारी शेठ येणार. नसीमाचं अजून पॅकेज नाही?"

"तिचं गाठोडं नीट नसतं."

"मग गाठोडं हवंय कशाला? फोल्डर तसंच घ्या ना. फॉन्टवाले झिप देतात, हवामानवाल्यांचं गिटवर असतं. तुम्ही दर वेळी ते उघडणार, टारबॉल करून पुन्हा बांधणार. आमच्या गावच्या गिरणीवर कोण पोत्यात भात आणतं, कोण टोपलीत, कोण लुंगीत बांधून. गिरणीवाला काय लुंगी बघतो?"

"शिस्त नावाची एक गोष्ट असते, संदेश."

"आहे ना. सोमवार नावाची पण असते, मॅडम."

'मॅडम' आलं म्हणजे विषय संपला.

मी कामाला लागले. झिप सोपं गेलं. गिटला जरा वेळ लागला. गिट म्हणजे प्रोग्रामचा प्रत्येक बदल सांभाळून ठेवणारी व्यवस्था. काही पुसलं गेलं तरी मागचं परत मिळतं. नसीमानं ते वापरलं असतं तर मला हा लेख लिहावा लागला नसता. तिनं वापरलं नव्हतं, कारण गिटवरचं मी घेत नाही हे तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मीच.

राहिलं उघडं फोल्डर. ते मी सगळ्यात शेवटी केलं, तेही नाक मुरडून. चार ओळींचं काम. गिरणीची कामं क्रमानं अशी होती: गाठोडं आण, एका तात्पुरत्या जागी ते सोड, पॅकेज बनव, मग सोडलेला पसारा पुसून टाक. फोल्डर आधीच उघडं. त्याला सोडायचं काय? म्हणून मी दुसरी पायरी गाळली आणि गिरणीला सांगितलं, हीच तुझी सोडलेली जागा समज. चौथ्या पायरीला मी हातच लावला नाही. ती व्यवस्थित चालत होती ना.

झालेलं तुमच्या लक्षात आलं असेल. गाठोडं सोडून झालेला पसारा गिरणीचा असतो, तो तिनं पुसला तर मूळ गाठोडं राहतं. उघडं फोल्डर दुसऱ्याचं असतं. माझ्या टेस्टला हे कळायला मार्ग नव्हता. ती एक खोटं फोल्डर स्वतःच बनवायची, गिरणीत घालायची आणि शेवटी काही उरलं नाही ना ते बघायची. उरत नव्हतं. स्वच्छतेच्या बाबतीत मी फार कडक होते.

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर मी नसीमाच्या लॅपटॉपवर नवी गिरणी टाकली आणि ऐटीत म्हटलं, "घे. तुझं फोल्डर, जसं आहे तसं. चालव."

तिनं चालवलं. झर्रकन पॅकेज तयार झालं. ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मग तिला त्यात एक छोटी दुरुस्ती आठवली.

"काकू, फोल्डर कुठं गेलं?"

"असेल तिथेच."

"तिथे नाहीये."

"रिफ्रेश कर."

"केलं."

"दुसऱ्या खिडकीत उघडलं असशील."

"काकू," ती हळू म्हणाली, "तुमच्या प्रोग्रामनं शेवटची ओळ काय लिहिलीये वाचा."

मी वाचली. 'सफाई पूर्ण.' ही ओळही मीच मोठ्या हौसेनं मराठीत लिहिली होती.

संदेश धावत आला. पुसलेलं परत आणायचे प्रोग्राम असतात, ते त्यानं लावून बघितले. जुन्या हार्डडिस्कवर पुसलेली फाइल बराच काळ पडून राहायची, नुसता तिचा पत्ता खोडला जायचा. नसीमाच्या लॅपटॉपमधली डिस्क नव्या जातीची होती. ती मोकळी झालेली जागा लगेच खरोखरच रिकामी करून टाकते. माझ्यासारखीच शिस्तीची.

"दुसरी कॉपी?" मी विचारलं. परत पाठवलेले टारबॉल तर तिनं पुसलेच होते.

"पेनड्राइव्हवर होती. चुलतभावाच्या लग्नाचे फोटो टाकायला जागा पाहिजे होती." तिनं लॅपटॉप मिटला. "माझी लाँच आहे." आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

घरी ह्यांना सांगितलं. हे पर्यटकांच्या खोलीची ट्यूबलाइट बदलत स्टुलावर उभे होते. म्हणाले, "तू माझा चष्मा रद्दीत घातला होतास, तेव्हाही टेबल मात्र लखलखीत होतं." आणि खाली उतरायला हात मागितला.

शनिवारी सकाळी नसीमा ऑफिसात आली ती राजीनामा द्यायला. संदेश मात्र वेगळ्याच विचारात होता. त्यानं एक बावळट प्रश्न विचारला. मी असे प्रश्न विचारायचं वीस वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं, शहाणी झाले होते ना.

"पण पॅकेज तर बनलं होतं. मग गेलं काय?"

पॅकेज बनलं होतं! गिरणीनं भात घेतला, पोतं गिळलं, पण तांदूळ तर बाहेर टाकलाच होता. काही भाषांतले प्रोग्राम बिल्डमध्ये यंत्राच्या आकड्यांत बदलतात आणि मग परतीचा रस्ता राहत नाही. नसीमाचं सगळं पायथॉन नावाच्या भाषेत. ते वाचता येईल असा मजकूर म्हणूनच राहतं. पॅकेज उघडलं. प्रोग्राम आत होता. ओळ न् ओळ. संदेशनं टाळी वाजवली. मीही वाजवणार होते.

नसीमा स्क्रीन खालीवर करत होती.

"माझ्या कॉमेंट कुठायत?"

इथे मला दुसरी कबुली द्यावी लागते. डब्यातलं मेमरी कार्ड लहान असतं म्हणून गिरणीत मी आणखी एक सोय केली होती. पॅकेज बनवताना ती सगळ्या कॉमेंट काढून टाकायची. मी कॉमेंटना 'कोंडा' म्हणायचे. या कल्पनेचं मला फार कौतुक होतं.

म्हणजे आकडे होते आणि कारणं गेली होती. वीस मिनिटं वाढव. का? दहा काप. का? कुठेही लिहिलेलं नाही.

"याला चालता येतंय, काकू," नसीमा म्हणाली. "का चालतोय ते विसरलाय."

"तुला आठवतंय ना?"

"थोडं आठवतंय. दोन वर्षांत एकेक लिहिलंय. आठवत बसायला लागू नये म्हणूनच तर लिहिलं होतं."

"कोंड्याशिवाय चालणार नाही का सोमवारी?" संदेशनं विचारलं.

"शेठनं विचारलं, माझी दुपारची फेरी का रद्द करतेस, तर काय सांगू? कॉम्प्युटर म्हणतोय? त्याच्या तोंडावर मी असं बोलणार नाही." मग ती माझ्याकडे वळली. "इथे बसून मला आठवायचं नाही. लाँचवर बसू. जागा बघितली की आठवेल. तुम्ही टाइप करा."

"मी?"

"मग कोण? कोंडा कोणी काढला?"

शनिवार दुपार आणि आख्खा रविवार आम्ही लाँचवर काढला. ह्या जेटीवरून त्या जेटीवर, पुन्हा परत. ती कठड्याला टेकून पाण्याकडे बघायची, एकेका जागी थांबायची आणि बोलायला लागायची. मांडीवर लॅपटॉप घेऊन मी टाइप करायचे. "ही पायरी दिसते ना, शेवाळ्याची? पाणी हिच्याखाली गेलं की लाँचचा पंखा गाळात लागतो. ती वीस मिनिटं हिची." "इथं कोळी डोल लावतात, मोठं जाळं, लाँचला वळसा पडतो. ती दहा याची." मी आयुष्यभर इतरांना 'डॉक्युमेंटेशन लिहा' म्हणून सांगत आले होते. स्वतः पहिल्यांदाच लिहीत होते, तेही तोंडावर तुषार झेलत.

एका फेरीला तिकीट काढणारा माझ्यासमोर उभा राहिला. "बाय, सकालपासून बघताव. जायाचंय कुठं तुमाला?"

"कुठंच न्हाय," नसीमा म्हणाली. "आमच्या काकूंनी एक गोष्ट हरवलीये. ती शोधतोय."

"पान्यात परली काय?"

"न्हाय. त्यांनी झाडून काढली."

त्यानं मला अशा नजरेनं बघितलं की मी गुपचूप दोन तिकिटं आणखी काढली.

रविवारी संध्याकाळपर्यंत सगळी कारणं जमली. एक सोडून. पौर्णिमेनंतरच्या एका विशिष्ट दिवशी सात मिनिटं वाढवायची, असा एक आकडा होता. नसीमानं खूप आठवून बघितलं. वारा नाही, गाळ नाही, डोल नाही. सात मिनिटं कशाची? काढून टाकावा तर तो तिनं उगाच घातला नसणार. ठेवावा तर कारण काय लिहिणार?

"लिहा," ती म्हणाली. "'हा आकडा का आहे ते काकूंच्या गिरणीला विचारा.'"

मी लिहिलं.

सोमवारी शेठ आला. पांढरा शर्ट, दोन मोबाइल. नसीमानं प्रोग्राम दाखवला. मी मागे उभी होते. सात मिनिटांबद्दल विचारलं तर? शेठनं बोर्ड दुरून बघितला, जवळून बघितला. एकाही आकड्याचं कारण विचारलं नाही.

"अक्षरं मोठी होतील?"

"होतील," नसीमा म्हणाली.

"आणि गणपतीत खाली शुभेच्छा आल्या पाहिजेत. माझ्या फोटोसकट."

"येतील, शेठ."

"मग लावा सगळीकडे."

दोन दिवस लाँचवर बसून, हाडं दुखवून जमवलेली कारणं कोणी मागितलीच नाहीत. नसीमा पनवेलला गेली नाही. सगळ्या जेट्यांचं काम तिच्याकडे आलं, आणि पुढे संदेशच्या केबिनशेजारी, म्हणजे कपाटाच्या या बाजूला, तिचं टेबलही आलं.

कारणं मागितली गेली ती पुढच्या वर्षी. एका जेटीच्या पायऱ्या नव्यानं बांधल्या, खाली दोन वाढवल्या. प्रोग्राममधलं काय बदलायचं? नसीमानं फाइल उघडली, 'शेवाळ्याची पायरी' हे शब्द शोधले आणि तेवढेच आकडे बदलले. चहा गार व्हायच्या आत काम झालं. कॉमेंट नसत्या तर पुन्हा दोन वर्षं खाडी ओलांडावी लागली असती. ती सात मिनिटं मात्र अजून तशीच आहेत. आता ऑफिसात नवी मुलं आलीयेत. त्यांना ती ओळ दिसते, ती हसतात, पण त्या आकड्याला हात लावायची छाती कोणाची होत नाही.

गिरणी मी सुधारली. झिप, गिट, फोल्डर, काहीही घ्या. फोल्डर असेल तर ती आधी त्याची नक्कल करते आणि नक्कलच पुसते. कॉमेंट काढायची सोयही उडवली. एवढ्या सगळ्यातून धडा काय, तर आपण मांडला नाही तो पसारा आपण आवरू नये. एवढं शिकायला मला एकोणसाठ वर्षं आणि लाँचची पुष्कळ तिकिटं लागली. काशीदला ह्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, चष्म्यापासून सुरुवात कर.

सुधारलेली गिरणी तयार झाली तेव्हा पहिलं फोल्डर कोणाचं घालायचं हा प्रश्न होता. संदेशनं स्वतःचं द्यायला साफ नकार दिला. नसीमा उठली, बॅगेतून एक पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या काकू, ही कॉपी तुमच्या गिरणीसाठी. हिच्यासाठी रडायचं होतं ते मी घरून रडून आलेय."